विद्यापीठीय खेळांचे दार कोणासाठी बंद?
गोल बाजारातील तरुण आणि ‘पूर्णवेळ विद्यार्थी’ नावाचे ढोंग

रायपूरच्या गोल बाजाराविषयी असे म्हटले जाते की, माणसाच्या जन्मापासून अंत्ययात्रेपर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू तेथे मिळते. मालवीय रोडलगतच्या त्या गल्ल्यांतून किराणा, मसाले, भांडी, बांगड्या, पूजेचे आणि लग्नाचे साहित्य यांची उलाढाल सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते. ही उलाढाल गादीवर बसलेल्या मालकाच्या बळावर चालत नाही. माल उतरविणारे हमाल, हातगाडी ओढणारे, माप घालणारे, गिऱ्हाइकाला कपाटातील जिन्नस काढून दाखविणारे नोकर यांच्या श्रमावर ती चालते. या श्रमिकांत विशीच्या आतबाहेरच्या तरुणांचा भरणा मोठा आहे आणि त्यांतील अनेकांच्या नावावर पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाचा परीक्षा-अर्ज भरलेला असतो.

छत्तीसगढात अशा विद्यार्थ्याला ‘स्वाध्यायी’ म्हणतात. महाराष्ट्रात ज्याला बहिःस्थ विद्यार्थी म्हणतात तोच हा. तो वर्गात बसत नाही, कारण वर्ग भरतो तेव्हा तो दुकानात उभा असतो. पुस्तके तो रात्री उघडतो, परीक्षेच्या दिवसांत मालकाकडून सुटी मागून घेतो, पेपर देतो आणि पुन्हा कामावर रुजू होतो. विद्यापीठ त्याच्याकडून शुल्क घेते, त्याची उत्तरपत्रिका तपासते आणि तो उत्तीर्ण झाला तर त्याला पदवीही देते. मात्र हाच तरुण पहाटे धावून येत असेल, कबड्डीत चार गड्यांना लोळवीत असेल, कुस्तीत किंवा भारोत्तोलनात जिल्ह्यात नाव कमावून असेल, तरी विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नाही. पदवी घेण्यापुरता तो विद्यार्थी असतो. मैदानावर पाय ठेवताक्षणी तो विद्यार्थी राहत नाही!

नियम काय सांगतात?

देशातील आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांनुसार भरतात. हा संघ १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून जन्माला आला, १९६७ साली सोसायटी म्हणून नोंदला गेला आणि १९७३ साली त्याला आजचे नाव मिळाले. त्याच्या पात्रता-नियमांचा गाभा थोडक्यात असा : खेळाडू हा पदवी अथवा पदविका अभ्यासक्रमाचा पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असला पाहिजे, पूर्णवेळ नोकरी करणारा विद्यार्थी अपात्र, तात्पुरत्या प्रवेशावर असलेला विद्यार्थी अपात्र, एका शैक्षणिक वर्षात एकापेक्षा अधिक विद्यापीठांचे प्रतिनिधित्व करण्यास मनाई, शिवाय वयाची मर्यादा.

वरवर पाहता या नियमांत आक्षेपार्ह असे काही दिसत नाही. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत विद्यार्थ्यांनीच खेळावे, ही गोष्ट कोणीही मान्य करील. परंतु नियमाची परीक्षा त्याच्या शब्दांवरून होत नसते. तो प्रत्यक्षात कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, यावरून ती होते. बापाच्या उत्पन्नावर जगू शकणारा विद्यार्थी पूर्णवेळ विद्यार्थी होतो. ज्याच्या पगारावर घरातील चूल पेटते तो पूर्णवेळ विद्यार्थी होऊ शकत नाही. दुकानात बांगड्या भरणारी, घरी परतून धुणीभांडी उरकणारी आणि त्यानंतर अभ्यासाला बसणारी मुलगी तर कधीच होऊ शकत नाही. एवंच, ‘पूर्णवेळ’ हा शब्द वेळेचे माप सांगत असल्याचा आव आणतो. वस्तुतः तो घरच्या उत्पन्नाचे माप घेतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा आणि पदकाचाही नाही. केंद्र सरकारच्या ४ ऑगस्ट १९८० च्या आदेशानुसार, आंतरविद्यापीठ स्पर्धांत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या कोट्यासाठी ‘गुणवान खेळाडू’ म्हणून विचारात घेतला जातो. याचा अर्थ स्पष्ट आहे. विद्यापीठाच्या संघातील जागा हे रेल्वेच्या, टपाल खात्याच्या, केंद्रीय कार्यालयांच्या कायम नोकरीकडे नेणारे एक दार आहे. ज्याला नोकरीची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्यासाठी हे दार बंद राहते. आणि का? तर तो आधीच ‘नोकरी’ करतो म्हणून!

कायद्याला न दिसणारा, नियमाला मात्र दिसणारा कामगार

ही नोकरी तरी कोणत्या प्रतीची? छत्तीसगढ सरकारने २०१७ सालचा नवा दुकाने व आस्थापना कायदा फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आणला आणि १९५८ चा जुना कायदा निकालात काढला. नव्या कायद्याची व्याप्ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांपुरती व आस्थापनांपुरती आहे. दुकाने दिवसरात्र उघडी ठेवण्यास मुभा मिळाली, ‘व्यवसायसुलभतेचे’ गोडवे गायले गेले. परंतु दोन-चार नोकरांवर चालणाऱ्या लहान दुकानातील माणसाचे काय? कामाच्या तासांची मर्यादा, आठवड्याची सुटी, नोंदवही यांबाबत या कायद्याने जे काही संरक्षण द्यावयाचे ते त्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

विसंगती कशी उघडी पडते पाहा. साप्ताहिक सुटी मागताना हा तरुण दुकाने कायद्याच्या कक्षेत बसण्याइतका कामगार नसतो. विद्यापीठाच्या संघात जागा मागताना मात्र तो अपात्र ठरण्याइतका पुरेपूर कामगार असतो. हक्क देण्याची वेळ येते तेव्हा त्याच्या श्रमाची दखल घेतली जात नाही. हक्क नाकारण्याची वेळ येते तेव्हा तीच दखल तत्परतेने घेतली जाते. दुकानासाठीचा कायदा एका कचेरीत लिहिला गेला, खेळासाठीचा नियम दुसऱ्या कचेरीत. दोहोंनी एकमेकांशी मसलत केली असेल असे नव्हे. तरीही दोहोंचा भार एकाच माणसाच्या पाठीवर येऊन पडतो, हा योगायोग नव्हे. ज्या समाजरचनेत श्रम करणाऱ्याच्या वेळेवर त्याची स्वतःची मालकी नसते, तेथे वेळ मोजणारा प्रत्येक नियम त्याच्याच विरुद्ध जातो.

या नियमाची वंशावळ

खेळाच्या मैदानावरून श्रमिकाला हाकलण्याची ही कल्पना भारतीय नाही आणि नवीही नाही. इंग्लंडमध्ये १८६६ साली स्थापन झालेल्या हौशी ॲथलेटिक क्लबने कारागीर व मजूर यांना ‘हौशी खेळाडू’ या व्याख्येतून वगळले होते. हेनलीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीने १८७९ साली असाच नियम केला. यंत्रकामगार, कारागीर अथवा मजूर म्हणून मजुरी घेणारा मनुष्य तेथे वल्हे मारू शकत नसे. अमेरिकेचा जॉन केली याने ऐन तारुण्यात विटा रचण्याचे काम केले होते. १९२० साली हेनलीने त्याचा प्रवेश नाकारला. त्यामागे त्याच्या क्लबशी असलेले जुने भांडणही होते. परंतु मजुराला वगळणारा नियम त्या वेळी जिवंत होता. त्याच वर्षी अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये केलीने सुवर्णपदक पटकावले. १९३६ साली ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक पथकातील पोलिसांच्या नौकेलाही हेनलीचे दार बंद झाले, तेव्हा कोठे लाजेकाजेस्तव १९३७ साली तो शब्दप्रयोग काढून टाकण्यात आला.

या नियमाचे समर्थन त्या काळी कसे केले जाई? अंगमेहनत करणाऱ्याचे शरीर कामानेच कमावलेले असते, त्यामुळे सभ्य गृहस्थांवर अन्याय होतो, असे सांगितले जाई! आज इतके उघड बोलण्याची सोय उरलेली नाही. म्हणून ‘मजूर’ हा शब्द जाऊन ‘पूर्णवेळ नोकरी करणारा’ हा शब्द आला. भाषा सोज्ज्वळ झाली, परिणाम तोच राहिला.

विरोधकांचा युक्तिवाद

नियमाचे पाठीराखे एक प्रामाणिक वाटणारा मुद्दा पुढे करतील. ते म्हणतील : हा नियम नसता तर रेल्वे, पोलीस, लष्कर यांचे कसलेले खेळाडू केवळ नावापुरता प्रवेश घेऊन विद्यापीठांच्या संघांत घुसतील आणि खऱ्या विद्यार्थ्यांच्या जागा बळकावतील. स्पर्धेपुरते उगवणारे आणि परीक्षेच्या वेळी अदृश्य होणारे ‘हंगामी विद्यार्थी’ वाढतील.

हा धोका काल्पनिक नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यावर सरसकट बंदी हा उपाय आहे काय? ज्याला खेळाडू म्हणूनच नोकरी मिळाली आहे, ज्याला सराव करण्याचाच पगार मिळतो, त्याला विद्यार्थ्यांच्या स्पर्धेबाहेर ठेवणे समजू शकते. गोल बाजारात मीठ तोलणाऱ्याला पगार मीठ तोलण्याचा मिळतो, धावण्याचा नव्हे. त्याच्या नोकरीमुळे त्याला सरावासाठी अधिक वेळ मिळत नाही. उलट, होता तोही वेळ हिरावला जातो. या दोघांना एकाच शब्दाने बाहेर काढणे म्हणजे चोर आणि चौकीदार यांना एकाच बेडीत अडकविण्यासारखे आहे.

हंगामी विद्यार्थ्याला रोखावयाचे असेल तर त्याचीही सोपी कसोटी उपलब्ध आहे. गेल्या वर्षी तो परीक्षेला बसला की नाही? अभ्यासक्रमात पुढे सरकला की नाही? स्वाध्यायी विद्यार्थी या कसोटीला आनंदाने सामोरा जाईल, कारण परीक्षा देण्यासाठीच त्याने पोटाला चिमटा घेऊन शुल्क भरलेले असते. मात्र हजेरीपटावर नाव झळकविणाऱ्या आणि परीक्षेला पाठ दाखविणाऱ्या काही ‘नियमित’ तारकांची त्यात पंचाईत होईल. अशी कसोटी पुढे येत नाही याचे कारण येथे तर दडलेले नाही?

विद्यापीठ बदलण्याचा हक्क कोणाला?

पात्रतेच्या प्रश्नाला लागूनच स्थलांतराचा प्रश्न येतो. छत्तीसगढच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ बदलण्याची सवय इतिहासानेच लावली आहे. १९३८ साली स्थापन झालेले रायपूरचे छत्तीसगढ महाविद्यालय आरंभी नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होते. पुढे या भागातील महाविद्यालये सागर विद्यापीठाकडे गेली आणि १९६४ साली रायपुरात रविशंकर विद्यापीठ उभे राहिले. त्यातूनच पुढे १९८३ मध्ये बिलासपूरला, २००८ मध्ये बस्तरला, २०१५ मध्ये दुर्गला वेगवेगळी विद्यापीठे झाली. नवी विद्यापीठे होणे वाईट नव्हे. शिक्षण लोकांच्या जवळ येण्यासाठी ती हवीतच. पण सीमा राज्यकर्ते आखतात आणि विद्यापीठ बदलल्याचे दाखले जमा करण्याचे काम मात्र विद्यार्थ्याच्या माथी येते.

बापाची बदली झाली, कारखाना बंद पडला, घर सोडून दुसऱ्या शहरात मजुरीला जावे लागले, तर कष्टकऱ्याच्या मुलाला विद्यापीठ बदलावे लागते. जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर-प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नवा प्रवेश तात्पुरता राहतो आणि तात्पुरता प्रवेश म्हणजे खेळायला मनाई. कचेरीतील एका कागदाच्या दिरंगाईत खेळाडूचे आख्खे वर्ष बुडू शकते. वयाच्या मर्यादेने बांधलेल्या खेळाडूच्या आयुष्यात अशी वर्षे किती असतात? चूक कचेरीची, शिक्षा खेळाडूला!

आता चित्राची दुसरी बाजू पाहा. देशातील मोठी खासगी विद्यापीठे नामवंत खेळाडूंना शुल्कमाफी, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती जाहीरपणे देऊ करतात. बंगळुरू येथे २०२२ साली झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत जैन अभिमत विद्यापीठ पहिले आले. १९५६-५७ पासून दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक वर्षानुवर्षे पंजाबच्या सार्वजनिक विद्यापीठांकडे राहिला होता. २०२४ सालचा करंडक चंडीगढ विद्यापीठ या खासगी विद्यापीठाने पटकावला आणि दुसरे स्थानही लव्हली प्रोफेशनल या खासगी विद्यापीठालाच मिळाले. ज्या खेळाडूंनी हे यश मिळविले त्यांचा यात कोणताही दोष नाही. त्यांच्या घामाचा गौरवच केला पाहिजे. पण प्रश्न असा की, ज्या खेळाडूमागे विद्यापीठाची तिजोरी, वकील आणि क्रीडा-संचालक उभे असतात त्याचे कागद वेळेवर हलणार, की ज्याच्यामागे कोणीच नाही त्याचे? कागदावर नियम सर्वांना एकच आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी तो सुईच्या नेढ्याइतका रुंद होतो आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी तेवढाच अरुंद.

अमेरिकेचा ‘खुला बाजार’ हा उपाय नव्हे

या कोंडीवर काही उदारमतवादी पंडित अमेरिकेकडे बोट दाखवितात. सर्व बंधने उठवा, खेळाडूला बाजारात मोकळे सोडा, म्हणजे न्याय आपोआप होईल, असा त्यांचा मंत्र आहे. तेव्हा अमेरिकेत प्रत्यक्षात काय घडले ते पाहणे उद्बोधक ठरेल.

तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९५० च्या दशकात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. या शब्दाचा उपयोग खेळाडूला कामगार न मानण्यासाठी झाला. १९५५ साली फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला इजा होऊन मरण पावलेल्या एका विद्यार्थ्याच्या विधवेने नुकसानभरपाई मागितली, तेव्हा १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो महाविद्यालयाचा नोकर नव्हता, असा निर्वाळा दिला. पुढे दूरचित्रवाणीच्या हक्कांवर अब्जावधी डॉलर जमा झाले. खेळाडूने मात्र विद्यापीठ बदलले तर अनेक प्रमुख खेळांत त्याला एक वर्ष बाकावर बसावे लागे. प्रशिक्षक हंगाम संपताच अधिक पगारावर दुसरीकडे जाऊ शके, त्याला असे बंधन नव्हते.

खेळाडूंनी न्यायालयात झगडून ही बेडी सैल केली. २०२१ साली एकदा आणि २०२४ साली अभ्यासात पात्र असलेल्याला कितीही वेळा विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार २०२५-२६ या वर्षात प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याची मुभा मिळाली. हा विजय आहे यात शंका नाही. परंतु खेळाडूला कामगार म्हणून मान्यता देण्याचा प्रश्न तेथेही अडलेलाच राहिला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंचा संघटना बांधण्याचा प्रयत्न २०१५ साली श्रम-मंडळाने अधिकारक्षेत्राचे कारण देऊन निकालात काढला. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो अर्ज मागे घ्यावा लागला.

यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. बाजाराने खेळाडूला एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाण्याची मुभा दिली. संघटित होऊन हक्काने बोलण्याचा अधिकार दिला नाही. आणि ज्याला खरेदी करण्यास कोणी पुढे येत नाही त्याच्यासाठी खुला बाजार म्हणजे उघडा रस्ता. गोल बाजारातील तरुणाला बाजार म्हणजे काय हे कोणी शिकविण्याची गरज नाही. तो रोज त्यातच उभा असतो.

खाशाबांची आठवण

मराठी वाचकाला या संदर्भात एका नावाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांना तेथवर पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. प्राचार्यांच्या थोरवीला वंदनच केले पाहिजे. पण ज्या देशात खेळाडूला पुढे जाण्यासाठी एका शिक्षकाचे घर गहाण पडावे लागते तेथे व्यवस्था नावाची वस्तू कोठे होती? अर्जुन पुरस्कार खाशाबांना मिळाला तो १९८४ मधील त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. उदार व्यक्तीच्या कृपेवर एखादा खाशाबा तरतो. नियमाच्या दाराशी थांबलेले किती हरवले याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

मागण्या

म्हणून विद्यार्थी, खेळाडू आणि कामगार यांच्या संघटनांनी पुढील मागण्यांवर एकत्र येणे अगत्याचे आहे :

एक. स्वाध्यायी, बहिःस्थ आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांना विद्यापीठीय संघांत प्रवेश मिळालाच पाहिजे. पात्रतेची कसोटी परीक्षा आणि अभ्यासक्रमातील प्रगती हीच असावी.

दोन. नोकरीवरून अपात्रता ठरवावयाची तर ती केवळ खेळाडू म्हणून नेमलेल्यांपुरती असावी. पोटासाठी इतर काम करणाऱ्याला ती लागू होता कामा नये.

तीन. एका वर्षात एकच विद्यापीठ, हा नियम राहू द्यावा. परंतु स्थलांतर-प्रमाणपत्रासाठी रीतसर अर्ज केलेल्या विद्यार्थ्याला कचेरीच्या दिरंगाईपायी मैदानाबाहेर ठेवू नये.

चार. क्रीडा-शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने ती संपूर्ण अभ्यासक्रमासाठी बंधनकारक मानावी. दुखापत झाली म्हणून खेळाडूला रस्त्यावर काढता येणार नाही, आणि उपचाराचा खर्च विद्यापीठाने सोसावा.

पाच. पात्रतेचे नियम जेथे ठरतात तेथे निवडून आलेले विद्यार्थी-खेळाडू बसले पाहिजेत.

सहा. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांतील कामगारांनाही कामाचे तास आणि आठवड्याची सुटी कायद्याने मिळाली पाहिजे. ज्याला मोकळा वेळ नाही त्याच्यासाठी मैदानाचे दार उघडूनही उपयोग नाही.

या सहा मागण्यांतील शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे, हे विसरून चालणार नाही. क्रीडा-नियमांची लढाई एकट्या खेळाडूंनी लढली तर ती कचेरीतील अर्जविनंत्यांत विरून जाईल. दुकान-कामगारांच्या लढ्याशी जोडली गेली तरच तिला बळ येईल.

गोल बाजारापासून बुढापाऱ्यातील सप्रे शाळेचे मैदान पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ज्या माधवराव सप्रे यांच्या नावाने ही शाळा ओळखली जाते, त्यांची मातृभाषा मराठी. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले आणि ज्ञान एका भाषेच्या कुंपणात कोंडून ठेवायचे नसते हे आपल्या कामाने दाखवून दिले. मैदानाचेही तसेच आहे. दुकानाच्या फळ्या लागल्यावर तेथपर्यंत चालत जाण्याची ताकद गोल बाजारातील तरुणाच्या पायांत आहे. त्याच्या आणि विद्यापीठाच्या संघाच्या मध्ये उभी आहे ती नियमाची भिंत. ती माणसांनी बांधली आहे. संघटित माणसे ती पाडूही शकतात.